हात भाजतो, पण कळत का नाही? आनंदवन, कुष्ठरोग आणि पेशीतला ‘जीटीपी’ नावाचा स्विच

गरम तव्याला चुकून बोट लागलं की काय होतं? विचार करायच्या आधीच हात मागे येतो. आता अशी कल्पना करा की बोट तव्यावर आहे, कातडी भाजते आहे आणि तुम्हाला काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी फोड दिसतो, तेव्हा समजतं की काल काहीतरी झालं होतं.

कुष्ठरोगात नेमकं हेच होतं. बोटं झडतात ती रोगाने ‘खाल्ली’ म्हणून, असा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या समज आहे. तो चुकीचा आहे. आधी जाते ती संवेदना. मग न कळलेला चटका, न कळलेला काटा, चपलेत घुसलेला आणि दिवसभर तसाच राहिलेला खडा. जखम चिघळते, पुन्हा होते, हाडापर्यंत जाते आणि बोट आखूड होत जातं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याचं नाव या आजाराशी कायमचं जोडलं गेलंय, कारण गावाला लागूनच आनंदवन आहे. बाबा आमटे आणि साधनाताईंनी उभ्या केलेल्या या वसाहतीची गोष्ट महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. पण त्याच गोष्टीच्या आत आणखी एक गोष्ट आहे. ती मायक्रोस्कोपमध्येही धड दिसत नाही. एक जंतू आपल्या पेशींमध्ये शिरून त्यांची आतली निरोपांची यंत्रणाच कशी ताब्यात घेतो, याची ती गोष्ट. त्या यंत्रणेच्या मध्यभागी एक छोटासा रेणू आहे: ग्वानोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच जीटीपी.

आधी वरोऱ्याची गोष्ट

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटचा. घर जमीनदारांचं, शिक्षण वकिलीचं. वरोऱ्यात त्यांची वकिली चालायची आणि सफाई कामगारांसोबत ते स्वतः मैला वाहण्याचं कामही करायचे. एका पावसाळी रात्री त्यांना रस्त्याच्या कडेला कुष्ठरोगाच्या शेवटच्या टप्प्यातला एक माणूस पडलेला दिसला. त्याचं नाव तुळशीराम. आपण कशाला भीत नाही असं मानणारे बाबा त्या दिवशी घाबरले आणि तिथून निघून गेले. ती भीतीच त्यांना नंतर झोपू देईना. ते परत गेले आणि त्या माणसाची शेवटपर्यंत सेवा केली.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. बाबांनी कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगावरचा अभ्यासक्रम केला. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या ५० एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन सुरू झालं. तेव्हाचं भांडवल म्हणजे सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये.

कोलकात्यातला एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढत नाहीत, म्हणून संशोधनासाठी बाबांनी ते स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. त्यांना आजार झाला नाही.

का झाला नाही? हा प्रश्न लक्षात ठेवा. त्याचं उत्तर पुढे येईल, आणि त्यातही जीटीपी आहे.

जीटीपी म्हणजे नेमकं काय?

शाळेत आपण एटीपी शिकलो. पेशीचं इंधन, पेशीची कॅश वगैरे. जीटीपी हा त्याचा सख्खा चुलत भाऊ. त्याचे तीन भाग: ग्वानिन नावाचा घटक (डीएनएच्या चार अक्षरांतला ‘जी’ तो हाच), रायबोज नावाची साखर आणि शेपटीसारखे जोडलेले तीन फॉस्फेट. शेपटीतला शेवटचा फॉस्फेट तुटला की उरतो तो जीडीपी. हा जीडीपी अर्थव्यवस्थेचा नाही. इथे त्याचा अर्थ ग्वानोसिन डायफॉस्फेट.

एटीपी मुख्यतः काम करायची ऊर्जा पुरवतो. जीटीपीही काही कामांत ऊर्जा देतो, उदाहरणार्थ प्रथिनं बनवताना. पण त्याची खरी ओळख वेगळी आहे. पेशीत काय चालू आणि काय बंद हे ठरवण्यासाठी तो वापरला जातो.

अपार्टमेंटच्या जिन्यात एक बटण असतं. दाबलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. पेशीतली ‘जी प्रथिनं’ अगदी अशीच चालतात.

• प्रथिनाला जीडीपी चिकटलेला असेल तर स्विच बंद.
• बाहेरून निरोप आला की जीडीपी सुटतो. पेशीत जीडीपीपेक्षा जीटीपी कितीतरी जास्त असतो, म्हणून रिकाम्या जागेत जीटीपी येऊन बसतो. स्विच चालू.
• काही वेळाने प्रथिन स्वतःच जीटीपीचा शेवटचा फॉस्फेट तोडतं. पुन्हा जीडीपी, पुन्हा बंद.

या कामात दोन प्रकारचे मदतनीस असतात. एक बटण दाबणारे, म्हणजे जुना जीडीपी बाहेर काढणारे. दुसरे दिवा लवकर विझवणारे. हे दुसरे फार महत्त्वाचे. ‘रास’ नावाचं स्विच-प्रथिन एकटं असेल तर त्याला बंद व्हायला बरीच मिनिटं लागतात. मदतनीस आला की हाच वेग लाखभर पटीने वाढतो.

म्हणजे पेशीसाठी दिवा लावणं जितकं गरजेचं, तितकंच तो वेळेवर विझवणंही. हे वाक्य लक्षात असू द्या, कारण कुष्ठरोगाची पुढची अर्धी गोष्ट त्यावरच उभी आहे.

अशुद्ध बाटलीतून सापडलेलं उत्तर

हा स्विच सापडला तो काहीसा योगायोगाने. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मार्टिन रॉडबेल एक साधा वाटणारा प्रश्न सोडवत होते. हार्मोन पेशीच्या बाहेरच थांबतं, मग त्याचा निरोप आत कसा पोहोचतो?

उंदराच्या यकृतातल्या पेशींच्या आवरणावर प्रयोग चालू होते. त्यात एटीपी घातलं की गोष्टी घडायच्या. पण एटीपी अधिक शुद्ध वापरलं की तो परिणाम मिळेना. तेव्हा लक्षात आलं की बाजारात मिळणाऱ्या एटीपीत थोडी भेसळ होती, आणि खरं काम ती भेसळच करत होती. ती भेसळ म्हणजे जीटीपी.

पुढे आल्फ्रेड गिलमन यांच्या गटाने हा जीटीपी ज्याला चिकटतो ते प्रथिन वेगळं काढलं. १९९४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. आज डॉक्टर लिहून देतात त्यातल्या सुमारे एक तृतीयांश औषधांचा रोख ज्या स्वीकारकांवर असतो, त्यांचा निरोप पेशीत पोहोचवतात ती हीच जी प्रथिनं.

निरोप पेशीच्या आत कसा फिरतो?

आपल्या शरीरात लाखो कोटी पेशी आहेत आणि त्यांना एकमेकींशी सतत बोलावं लागतं. हे बोलणं संदेशवाहक रेणूंमार्फत चालतं. इन्सुलिन, ॲड्रेनालिन, जखम झाल्यावर सुटणारी रसायनं, हे सगळे निरोपेच.

निरोप्या पेशीच्या दारावर येतो. दारावर स्वीकारक प्रथिन असतं, ते थोडं वाकतं, आकार बदलतं. आतल्या बाजूचं जी प्रथिन जीडीपी टाकून जीटीपी घेतं. ते पुढच्याला हलवतं, पुढचा त्याच्या पुढच्याला. काही वेळा वाटेत दुसऱ्या फळीचे निरोपे तयार होतात, उदाहरणार्थ एटीपीपासून बनणारा चक्रीय एएमपी किंवा खुद्द जीटीपीपासून बनणारा चक्रीय जीएमपी. शेवटी निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि पेशी ठरवते: वाढायचं, थांबायचं, लढायचं की मरायचं.

स्विच चालू स्थितीत अडकला तर काय होतं, याची दोन उदाहरणं सगळ्यांना माहीत आहेत. फक्त त्यामागचं कारण माहीत नसतं.

पहिलं, कॉलरा. कॉलऱ्याच्या जंतूचं विष आतड्यातल्या पेशींमधल्या एका जी प्रथिनाची ‘विझण्याची’ सोयच मोडून टाकतं. स्विच चालूच राहतो, चक्रीय एएमपी वाढतच जातो, पेशी क्षार बाहेर सोडत राहतात आणि त्यामागे पाणी. काही तासांत माणूस कोरडा पडतो. मीठ-साखरेचं पाणी जीव वाचवतं, कारण साखरेसोबत मीठ आणि पाणी आत घेण्याचा वेगळा रस्ता तेव्हाही उघडा असतो.

दुसरं, कॅन्सर. रास प्रथिनात बिघाड होऊन ते बंदच होईनासं झालं, तर पेशीला ‘वाढ, वाढ’ असा निरोप अखंड मिळत राहतो. माणसांतल्या साधारण पाचपैकी एका कॅन्सरमध्ये रास कुटुंबातला असा बिघाड सापडतो.

आता कुष्ठरोगाकडे येऊ.

कुष्ठरोगाचा जंतू: आळशी, पण तरबेज

नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये हा जंतू पाहिला. त्याचं नाव मायकोबॅक्टेरियम लेप्रे. क्षयरोगाच्या जंतूचा हा भाऊबंद.

हा जंतू विलक्षण संथ आहे. आपल्या आतड्यातले काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. याला जवळपास दोन आठवडे लागतात. म्हणूनच लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीस वर्षंही.

२००१ मध्ये त्याचा पूर्ण जीनोम वाचला गेला. त्यासाठी वापरलेला जंतू तामिळनाडूतल्या रुग्णाकडून मिळालेला होता. शास्त्रज्ञांना दिसलं ते चकित करणारं होतं. क्षयरोगाच्या जंतूकडे सुमारे चार हजार चालू जनुकं आहेत, याच्याकडे जेमतेम सोळाशे. आणखी अकराशेच्या आसपास जनुकं मोडून पडलेली, पडक्या वाड्याच्या भिंतींसारखी नुसती उभी. स्वतः जगण्यासाठी लागणारी बरीच हत्यारं या जंतूने कधीच टाकून दिली आहेत. म्हणून तो काचेच्या बशीत वाढत नाही. त्याला जिवंत पेशीच हवी.

थोडक्यात, स्वतःचं घर मोडून दुसऱ्याच्या घरात कायमचा पाहुणा होऊन राहायचं, हा त्याचा मार्ग. आणि दुसऱ्याच्या घरात राहायचं तर तिथले स्विच कुठे आहेत हे माहीत असावं लागतं.

पहिला डाव: पहारेकऱ्याच्या पोटात

शरीरात शिरलेल्या जंतूला मॅक्रोफेज नावाची पहारेकरी पेशी गिळते. गिळलेला जंतू पेशीच्या आत एका पिशवीत बंद होतो. मग ही पिशवी हळूहळू आम्ल आणि पाचक रसांनी भरलेल्या दुसऱ्या पिशवीशी जोडली जाते आणि जंतू विरघळतो.

पण कोणती पिशवी कुठे न्यायची हे ठरवतं कोण? इथे पुन्हा जीटीपीवर चालणारे स्विच येतात. त्यांना ‘रॅब’ प्रथिनं म्हणतात. कुरिअरच्या पार्सलवर जसा पत्त्याचा शिक्का असतो, तसे हे पिशवीवरचे शिक्के. नव्या पिशवीवर रॅब-५ चा शिक्का असतो. पुढे तो निघून त्या जागी रॅब-७ येतो, आणि रॅब-७ म्हणजे ‘हे पार्सल पचनाकडे न्या’.

क्षयरोगाच्या कुळातल्या जंतूंवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की हे जंतू शिक्का बदलूच देत नाहीत. पिशवी रॅब-५ वर अडकून राहते, रॅब-७ येत नाही. पार्सल डेपोतच पडून राहतं आणि आतला जंतू सुखरूप. कुष्ठरोगाचा जंतूही आपली पिशवी पाचक पिशवीशी जोडली जाऊ देत नाही, हे दिसून आलं आहे. ज्याने त्याला मारायचं, त्याच्याच पोटात तो राहतो.

दुसरा डाव: नसेच्या वेष्टनावर

कुष्ठरोगाला वेगळं करणारी गोष्ट मात्र ही: मज्जातंतूंमध्ये शिरून घर करणारा असा जीवाणू दुसरा जवळपास नाहीच.

आपल्या नसा म्हणजे विजेच्या तारा असं धरलं, तर त्या तारांभोवती वेष्टन असतं. हे वेष्टन करणाऱ्या पेशींना श्वान पेशी म्हणतात. (कुत्र्याशी संबंध नाही, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं ते नाव.) जाड तंतूंभोवती या पेशी मायलिन नावाच्या चरबीयुक्त पदार्थाचे वेढे घालतात, त्यामुळे संदेश वेगाने जातो. उष्णता आणि वेदना यांचे संदेश नेणारे बरेचसे बारीक तंतू मात्र मायलिनशिवाय, नुसते श्वान पेशींच्या कुशीत असतात. जंतूला या दोन्ही जागा आवडतात. त्याला थोडं थंड तापमान मानवतं, म्हणून कातडीलगतच्या नसा आधी सापडतात: कोपराजवळची, गुडघ्याच्या बाजूची, चेहऱ्यावरची.

जंतू श्वान पेशीत शिरतो कसा? १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत अनुरा रामबुक्काना यांच्या गटाने हे टप्प्याटप्प्याने उलगडलं. श्वान पेशीच्या बाहेर लॅमिनिन नावाचं चिकट प्रथिन असतं. जंतूच्या आवरणावर एक खास चरबी-साखरेचा रेणू आहे, जो दुसऱ्या जंतूंकडे नाही. तो या लॅमिनिनला बरोबर चिकटतो आणि त्याच्या आधाराने पेशीच्या दारापर्यंत पोहोचतो.

खरा खेळ त्यानंतरचा. श्वान पेशीच्या दारावर एर्बबी-२ नावाचा स्वीकारक असतो. स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये ‘हर-२’ हे नाव तुम्ही वाचलं असेल, तोच हा. निरोगी माणसात शेजारची चेतापेशी ठराविक संदेशवाहक रेणू पाठवते. तो मिळाला की एर्बबी-२ आपल्या जोडीदार स्वीकारकासोबत जागा होतो, आत रास जीटीपी घेऊन चालू होतं, रास राफला उठवतं, राफ मेकला, मेक अर्कला. गावात कोतवालाने दवंडी द्यावी आणि ती वाडीवाडीवर पुढे जावी, तशी ही साखळी. निरोप पोहोचला की दवंडी थांबते.

२००६ मध्ये या गटाने दाखवलं की कुष्ठरोगाचा जंतू मधली सगळी रीत टाळतो. तो स्वतःच एर्बबी-२ ला चिकटतो आणि जोडीदाराशिवायच त्याला चालू करतो. आत अर्क जोरात पेटतो आणि श्वान पेशी मायलिन सोडून द्यायला लागते. एर्बबी-२ अडवणारं औषध दिल्यावर प्रयोगात हे नुकसान कमी झालं.

पण नुसती साखळी चालू राहिल्याने इतकं होऊ शकतं? २०१२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी जंतू बाजूला ठेवून फक्त हीच गोष्ट तपासली. त्यांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्या श्वान पेशींमधली राफची कडी औषध देऊन चालू करता येते. ती चालू केली, तेव्हा निरोगी नसांमधल्या श्वान पेशींनी मायलिन सोडलं आणि उंदरांची चाल बिघडली. औषध थांबवलं, साखळी शांत झाली आणि नसा सावरल्या.

या साखळीचं मूळ काम वाईट नाही. नस तुटली तर श्वान पेशीने वेष्टन सोडून दुरुस्तीच्या कामाला लागावं, म्हणून ती असते. जंतू ही दुरुस्तीची घंटा विनाकारण वाजवत ठेवतो.

मग सगळं नुकसान जंतूच करतो का?

नाही, आणि हे समजून घेणं गरजेचं आहे. रुग्णाच्या नसा खराब होण्यात शरीराच्या स्वतःच्या लढाईचा वाटा फार मोठा असतो.

नसेत जंतू आहे हे कळल्यावर प्रतिकारशक्ती तिथे चाल करून जाते. इंटरफेरॉन-गामा, टीएनएफ असे संदेशवाहक रेणू मोठ्या प्रमाणात सुटतात. सूज येते. नसेला पसरायला जागा नसते, कोपराजवळ तर ती हाडाच्या अरुंद खाचेतून जाते. सुजलेली नस दाबली जाते आणि काही दिवसांत, कधी एका रात्रीतही, हाताची पकड जाते. याला डॉक्टर ‘रिॲक्शन’ म्हणतात. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही ती येऊ शकते. अशा वेळी सूज उतरवणारं स्टेरॉइड वेळेत मिळालं तर नस वाचू शकते.

म्हणून औषधं चालू असलेल्या माणसाला अचानक नस दुखायला लागली, हात लुळा वाटला, पापणी मिटेनाशी झाली, तर ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून घरी बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बाबा आमटेंना आजार का झाला नाही?

आता तो राखून ठेवलेला प्रश्न. टोचलेल्या जंतूंचं त्यांच्या शरीरात नेमकं काय झालं, हे कुणी पेशी उघडून पाहिलेलं नाही. पण एक गोष्ट आज ठामपणे माहीत आहे: १०० पैकी सुमारे ९५ माणसांची प्रतिकारशक्ती या जंतूला पुरून उरते.

ती कशी? शरीरातल्या टी पेशी जंतू ओळखून इंटरफेरॉन-गामा हा निरोप्या सोडतात. तो मॅक्रोफेजपर्यंत पोहोचला की सुस्त पहारेकरी जागा होतो आणि नवी हत्यारं बनवू लागतो. त्यात प्रथिनांचं एक मोठं कुटुंब आहे, ज्याचं नावच ‘ग्वानिलेट बांधणारी प्रथिनं’. तीही जीटीपीवर चालतात. जंतू लपलेल्या पिशव्यांवर ती जमा होतात आणि त्या फोडायला, पचनाकडे ढकलायला मदत करतात.

म्हणजे लपण्यासाठी जंतू जीटीपीच्या स्विचशी खेळतो, आणि त्याला हुडकून काढायला शरीरही जीटीपीचेच स्विच वापरतं. ज्यांच्यात इंटरफेरॉन-गामाचा निरोप जोरात जातो, त्यांच्यात एकतर आजारच होत नाही किंवा एक-दोन चट्ट्यांवर थांबतो. ज्यांच्यात तो क्षीण असतो, त्यांच्यात जंतू अंगभर पसरतात.

यात पाप, शाप, रक्त, कूळ कुठेही येत नाही.

डॅप्सोनची गोळी आणि जीटीपी

आनंदवन सुरू झालं तो काळ डॅप्सोनचा. त्याआधी या आजारावर भरवशाचं औषधच नव्हतं. ही गोळी करते काय?

जंतूला फोलेट नावाचं जीवनसत्त्व स्वतः बनवावं लागतं. आपण ते पालेभाज्यांतून घेतो. फोलेट बनवण्याचा कच्चा माल कोणता? जीटीपी. जंतू जीटीपीचा रेणू मोडून त्यापासून फोलेटचा एक तुकडा तयार करतो आणि मग त्याला दुसरा तुकडा जोडतो. डॅप्सोन ही जोडणी अडवतं. फोलेट नाही, तर पुढे डीएनए बनवायला लागणारा मालही नाही, त्यात नवा जीटीपीही आला. आपल्या पेशी फोलेट बनवतच नाहीत, त्यामुळे आपल्यात ही जोडणी अडण्याचा प्रश्न येत नाही.

नुसत्या डॅप्सोनला जंतू सरावले, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचार सुचवला: डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की आजार बरा होतो. उपचार सुरू झाले की रुग्णाकडून इतरांना लागण होणं थांबतं.

हे सगळं आज कशाला?

कारण हा आजार संपलेला नाही. डिसेंबर २००५ मध्ये भारताने कुष्ठरोग ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून’ दूर झाल्याचं जाहीर केलं. त्याचा अर्थ दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच होता. अनेकांनी तो ‘कुष्ठरोग गेला’ असा घेतला. २०२३ मध्ये जगात सुमारे १ लाख ८२ हजार नवे रुग्ण सापडले, त्यातले १ लाखाहून जास्त भारतात. महाराष्ट्रात चंद्रपूर, गडचिरोलीसारख्या पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांत आणि पालघरसारख्या आदिवासी पट्ट्यात रुग्ण तुलनेने जास्त आढळतात.

गोळ्या जंतू मारतात, पण पूर्ण मेलेली नस परत आणत नाहीत. म्हणून सगळा खेळ लवकर ओळखण्याचा आहे. काय बघायचं?

• अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही, आणि ज्यावर स्पर्श किंवा गरम-थंड कळत नाही
• हातापायाला बधिरपणा, मुंग्या, हातातून वस्तू निसटणं
• पायातून चप्पल नकळत निघून जाणं
• तेलकट, जाडसर दिसणारी चेहऱ्याची किंवा कानाच्या पाळीची कातडी
• पापणी पूर्ण न मिटणं

यातलं काहीही दिसलं तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. घरातल्या, शेजारच्या लोकांनाही रिफाम्पिसिनचा एक डोस प्रतिबंध म्हणून दिला जातो. बांगलादेशातल्या मोठ्या अभ्यासात अशा एका डोसने पहिल्या दोन वर्षांत आजाराचं प्रमाण ५७ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, जवळच्या सहवासात नाका-तोंडातून उडणाऱ्या थेंबांवाटे तो पसरतो, आणि तेव्हाही बहुतेकांना काही होत नाही.

तरीही भीती उरतेच. ती कायद्यातही होती. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण ठरवणारी तरतूद आपल्याकडे २०१९ मध्ये काढली गेली, म्हणजे पक्का इलाज सापडल्यानंतर जवळपास चार दशकांनी.

बाबा आमटे ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच गेले. जीटीपी, रास किंवा रॅब यांच्याशी त्यांच्या कामाचा थेट संबंध नव्हता. पण त्या पावसाळी रात्री ते ज्या भीतीने पळाले, तिच्या मुळाशी ‘हे काय आहे ते कळत नाही’ हेच होतं. आज कळतं. एक संथ जंतू, एक अडकलेला स्विच, एक बधिर झालेली नस आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारं गोळ्यांचं पाकीट. घरातल्या कुणाच्या पाठीवर न खाजणारा चट्टा दिसला, तर त्यावर पेनाचं टोक हलकेच टेकवून बघा आणि विचारा, कळतंय का? उत्तर ‘नाही’ आलं, तर घाबरायचं कारण नाही. उशीर मात्र करू नका.